लाकूड धरणाऱ्या हाताकडं कोण बघणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला सुतार, आज्ज्यापासून हाच धंदा, पेपरात पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या एका पोरानं मोबाईलवर रील बघून लाकूड कोरायचं किट ऑनलाईन मागवलं. त्यात तीन चाकू, पाच-सहा बारक्या पटाशा (छिन्नीसारखी लाकूड कोरायची हत्यारं), दोन ठोकळे आणि इंग्लिश-चायनीजमध्ये छापलेला एक कागद, जो कुणीच वाचला नाही. पहिल्याच दिवशी पठ्ठ्या मांडीवर ठोकळा घेऊन घुबड कोरायला बसला आणि पंधरा मिनिटांत चाकू डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. ओरडा ऐकून मी पळत गेलो तर त्याच्या आत्तीनं जखमेत हळद भरलेली आणि शेजारचे मामा पुडीतली तंबाखू हातावर चुरत उभे, "लावा की, आमच्यात सगळे हेच लावतात". मामा मूळचे निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं, दुसरं काय काढणार खिशातनं.

पोराला चार टाके पडले, बोटं सगळी हलतात, निभावलं. माझं निभावलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

१९९१ साली मी वीस वर्षांचा होतो, एका देवघराच्या चौकटीवर वेलबुट्टी कोरत होतो. डाव्या हातानं फळी दाबून धरलेली, उजव्या हातानं पटाशी रेटायलोय, मध्ये गाठ आली, जोर दिला, पटाशी उडाली ती सरळ डाव्या तर्जनीत, मधल्या पेराच्या जरा खाली. जखम म्हणाल तर अर्ध्या इंचाची. जवळच्या दवाखान्यात वरनं तीन टाके घातले, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी टाके काढले. बोटाचं टोक वाकत नव्हतं पण मला वाटलं सूज आहे, जाईल. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. दीड महिन्यानं बेळगावात मोठ्या डॉक्टरला दाखवलं तर ते म्हणाले आतली नस पूर्ण तुटलेली आहे (आम्ही नस म्हणतो, डॉक्टर टेंडन म्हणतात, बोट वाकवणारी दोरी म्हणा ना), तुटलेलं टोक तळहातात मागं सरकलंय आणि तिची वाट आतनं चिकटून बसलीय. आता दोन ऑपरेशनं लागतील, आधी नळी घालून वाट मोकळी करायची, मग तीनेक महिन्यांनी दुसरीकडची नस काढून तिथं जोडायची. पहिल्या आठवड्यात आला असतास तर एका ऑपरेशनात काम झालं असतं, असं पण म्हणाले. दोन ऑपरेशनांएवढे पैसे तेव्हा घरात नव्हते. ते बोट आजही टोकाला सरळच्या सरळ आहे, चहाचा कप धरताना सुद्धा वेगळंच उभं राहतं, पाहुणे बघतात.

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा जो पट्टा आहे ना, त्याला हाताचे सर्जन एकेकाळी 'नो मॅन्स लँड' म्हणायचे, म्हणजे तिथली तुटलेली नस जोडायला हातच घालू नये, जोडली तरी चिकटतेच असं त्यांना वाटायचं. आम्हा सीमाभागातल्या माणसांना हा शब्द काही समजावून सांगायला नको. तर आता तिथली नस पण चांगली जोडतात, पण वेळेत गेलं तर, आणि जोडल्यावर सहाएक आठवडे स्प्लिंट (हाताला आधार द्यायची कडक पट्टी), त्यातच हळूहळू बोट हलवायचा व्यायाम, आणि जड काम जवळजवळ तीन महिने बंद. रोजंदारीवाल्याला तीन महिने म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आमच्या धंद्यात एक म्हणणं आहे, हात कापल्याशिवाय सुतार होत नाही. मी पण नव्या पोरांना हसत हसत हेच सांगायचो. आज्जा जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी लाकूड धरायचा आणि वाकस (लाकूड तासायचं हत्यार) चालवायचा, त्याच्या दोन्ही पायांवर खुणाच खुणा होत्या आणि त्या तो मेडलसारख्या दाखवायचा. मोठं होईपर्यंत मला हे भारी वाटायचं, आता वाटत नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की हत्यार धरणारा हात सहसा कापत नाही, कापतो तो लाकूड धरणारा. उजवखोऱ्या माणसाचा डावा अंगठा आणि डावी तर्जनी. कारण काय, तर लाकूडही हातात आणि हत्यारही हातात. घरातली विळी बघा. विळीत पातं जागेवर घट्ट असतं, पायानं दाबलेलं असतं, भाजी तेवढी हलते, म्हणून बायका बोलत बोलत किलोभर कांदा चिरतात. कोरीवकामात उलटं पाहिजे, लाकूड जागेवर घट्ट आणि पातं हलतं. दोघातलं एकच काहीतरी हललं पाहिजे. दोन्ही एकदम हलायला लागली की बोट गेलंच म्हणून समजा.

म्हणून चाकू घ्यायच्या आधी एक सी-क्लॅम्प (लाकूड टेबलाला आवळून धरणारा स्क्रूचा शिकंजा) घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. नसेल तर फळीला खालनं एक पट्टी मारा जी टेबलाच्या कडेला अडकेल, आणि वरनं पलीकडच्या टोकाला दुसरी पट्टी मारा, तिला ठोकळा टेकवायचा, झालं काम, खर्च शून्य. एकदा लाकूड अडकवलं की दोन्ही हात पटाशीवर, एक मुठीवर आणि एक पात्यावर पुढं, आणि दोन्ही हात धारेच्या मागं. धारेच्या पुढं शरीराचा कुठलाच भाग नको. मांडीवर घेऊन तर अजिबात नको, मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, तिथं चाकू लागला तर दवाखान्यापर्यंत पोचायला पण वेळ मिळत नाही. रीलवाले मांडीवर घेऊन कोरतात, ते बघायला छान दिसतं.

दुसरं म्हणजे धार. लोकांना वाटतं पोराच्या हातात बोथट चाकू दिला की बरं, आणि इथंच चुकतं. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावल्यावर ते घसरलं की थांबत नाही. धारवालं हत्यार कमी जोरात पातळ काप काढतं, कुठं थांबायचं ते हाताला कळतं. सागवानात तर सिलिका असते, अगदी बारीक रेतीसारखी, धार अर्ध्या तासात जाते, म्हणून मी दगड शेजारीच ठेवतो आणि दर थोड्या वेळानं चामड्याच्या पट्ट्यावर दोन हात मारून घेतो. शिकणाऱ्यानं शिवण नावाच्या झाडाचं लाकूड घ्यावं, मऊ असतं, रेषा सरळ असते. पलीकडं सावंतवाडीचे चितारी खेळण्यांना पांगारा वापरत आले ते उगीच नाही, हलकं आणि कापायला सोपं. आमच्या पावसात लाकूड ओलं राहतं ते वेगळंच दुखणं, पण तो विषय परत कधीतरी.

आणि ते कागद कापायचं कटर, ज्याचं पातं तुकड्या तुकड्यानं मोडतं, त्यानं लाकूड कोरू नका हो. मखराच्या दिवसात गल्लीगल्लीत पोरं तेच घेऊन बसलेली असतात. ते पातं मोडण्यासाठीच केलेलं आहे, लाकडात जरा वाकडं झालं की मोडतं आणि तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही. लॉक नसलेला घडीचा चाकू पण तसाच, टोकानं दाबलं की मिटतो तो स्वतःच्याच बोटांवर.

हातमोज्याबद्दल लोक विचारतात. कट रेझिस्टंट म्हणून विणलेले मोजे मिळतात, डाव्या हातात जरूर घाला. त्याच्यावर ढालीत हातोड्याचं चित्र असतं आणि खाली चार आकडे नि एक अक्षर. दुसरा आकडा कापण्याचा, पाचपर्यंत असतो, आणि शेवटचं अक्षर पण कापण्याचंच, ए पासून एफ पर्यंत, एफ सगळ्यात वरचा. चौथा आकडा टोचण्याचा, तो बघा, विणलेल्या मोज्यात तो बहुतेक कमीच असतो. म्हणजे पातं घसरत गेलं तर मोजा वाचवतो, पण चाकूचं टोक सरळ घुसलं तर विणीतनं आत जातं. मोजा घातला म्हणून लाकूड हातात घ्यायला मोकळीक मिळाली असं नाही. आणि ड्रिल, लेथ, राऊटर अशा फिरणाऱ्या मशिनवर मोजा घालायचाच नाही, अडकला तर अख्खा हात ओढून नेतो. उजव्या अंगठ्याला, जो बटाटा सोलताना येतो तसा कोरतानाही कधीकधी पात्यासमोर येतो, त्याला चामड्याची टोपी चांगली. आमच्या अथणीकडं चपलांच्या चामड्याची कात्रण कुठल्याही कारागिराकडं मिळेल, त्याचीच शिवून घ्या.

टेबलावरनं पटाशी पडायला लागली तर पकडायला जाऊ नका, पाय मागं घ्या आणि पडू दे. धार परत लावता येते. हे वाचायला सोपं आहे, हात मात्र आपोआप पुढं जातो, मला सुद्धा ही सवय मोडायला लई वर्षं लागली.

आता कापलंच तर. स्वच्छ फडकं घेऊन घट्ट दाबायचं आणि हात वर धरायचा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उघडून बघायचं नाही, आम्ही दर मिनिटाला उघडून बघतो आणि रक्त परत सुरू होतं. बोटाला रबरबँड, सुतळी आवळून बांधून ठेवायची नाही. रक्त थांबल्यावर नळाच्या पाण्याखाली धुवायचं. हळद, चुना, कॉफी, तंबाखू काही भरायचं नाही, डॉक्टरला आधी तेच उकरून काढत बसावं लागतं आणि आतलं काही दिसत नाही. मग दोन गोष्टी बघायच्या. मधलं पेर दुसऱ्या हातानं सरळ धरून फक्त टोक वाकवून बघा. आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना पेनानं हलकं टोचून बघा, दोन्हीकडं सारखं कळतंय का. टोक वाकत नसेल किंवा एक बाजू बधिर असेल तर जखम केवढी का असेना, त्याच दिवशी हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडं, आणि टाके घालणाऱ्याला तोंडानं सांगायचं की टोक वाकत नाही म्हणून. मी हेच सांगितलं नव्हतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवत नसेल तर तेही सांगायचं. बोटाचा तुकडाच पडला तर तो ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही, खराब होतो.

माझी मागणी फार नाही. सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना सुरू आहे, त्यात १८ धंद्यांत सुतार, मूर्तिकार, खेळणी करणारे असे सगळे आहेत, पाच ते सात दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. त्या ट्रेनिंगमध्ये एक तास फक्त हातासाठी ठेवा आणि हत्यारांच्या यादीत दोन क्लॅम्प आणि एक मोजा बसवा. आणि सुट्टीतली शिबिरं घेणारे जे कोण आहेत त्यांनी पोरांमध्ये एक हात लांब करून फिरवला तरी कुणाला लागणार नाही एवढं अंतर ठेवावं, वीस पोरं एका सतरंजीवर बसवून चाकू वाटू नयेत. एक पानाची सूचना कन्नड आणि मराठी दोन्हीत छापावी. माझ्या वर्कशॉपात गोकाककडचा एक कारागीर आहे, तो पटाशीला उळी म्हणतो, मी पटाशी म्हणतो, पण बोट दोघांचं सारखंच कापतं, आणि चायनीज दोघांनाही येत नाही.

तो पोरगा टाके काढून आलाय, रोज संध्याकाळी वर्कशॉपाच्या दारात उभा राहतो, चाकू परत द्या म्हणतो. चाकू माझ्या कपाटात आहे. त्याला सांगितलंय आधी दोन साबणाच्या वड्या आणि आईस्क्रीमची काडी घेऊन ये, घुबड त्यात करून दाखव, मग क्लॅम्प लावून लाकडाला हात लावू. काल एक वडी घेऊन आला होता, घुबड काही झालं नाही, बदक झालं.

आपला एक वाचक,
तिसऱ्या पिढीचा सुतार, ता. खानापूर, जि. बेळगाव