नुसतं फूल ठोकून रंग पक्का होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

पानाफुलांनी कापडावर प्रिंट कसं करायचं हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, फोटो मस्तच आहेत पण कृती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. कुठलंही फूल घ्या, कापडावर ठेवून हातोडीने ठोका, मग मीठ नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा की झाला रंग पक्का, असं दिलंय. असं होत नाही हो! मीठ-व्हिनेगरने हे रंग सुती कापडात धरून राहत नाहीत. जास्वंद, गोकर्ण, बीट ह्यांचे रंग पहिल्या दिवशी झकास दिसतात आणि धुण्यात, उन्हात उडून जातात, गोकर्ण तर साबण लागला की रंगच बदलतो. ठोकून उमटलेल्या पानाचा हिरवा पण हळूहळू पिवळट-तपकिरी होत जातो.

खरं काम पान ठेवायच्या आधीच असतं आणि लेखात नेमकं तेच गायब आहे. कोऱ्या कापडाला खळ असते, ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून काढायची. मग कापड सुती असेल तर हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, कारण रंग पक्का करते ती तुरटी, पण सूत तिला नीट धरत नाही, मध्ये टॅनिन (हिरड्यातला तुरट अंश) लागतं, आणि त्यानंतर तुरटी, सुक्या कापडाच्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के. हिरड्याने कापड जरा पिवळसर होतं, मला तर ते आवडतं. रेशीम, लोकर असेल तर हिरडा नको, नुसती तुरटी पुरते, आणि नीलगिरीच्या काही जातींची पानं रेशमावर तुरटीशिवायसुद्धा केशरी-विटकरी छाप देतात. पॉलिस्टरवर मात्र ह्यातलं काही करत बसू नका.

करडा-काळा हवा असेल तर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. पानातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड एकत्र आलं की काळपट छाप उठतो, कलमकारीतला काळा पण लोखंडाचाच, गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला. पण हिराकस कापडाच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांच्या वर नको, जास्त झालं की धागा ठिसूळ होतो आणि कापड काही काळाने फाटायला लागतं. मग पानं पसरून, पाईपवर घट्ट गुंडाळून, दोरीने करकचून बांधून दीड-दोन तास वाफ द्यायची. पान कापडाला दाबून बसलं नाही तर शिरा उमटत नाहीत, नुसता डाग पडतो. आणि गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी!

अजून एक, "केमिकल-फ्री" हा शब्द लेखात चार ठिकाणी आहे. तुरटी, हिराकस काय झाडाला लागतात का? तुरटी बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे, पण काहीजण मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) वापरायला सांगतात, ते विषारी असतं आणि ते पाणी मोरीत ओतणं तर अजिबात बरोबर नाही. कण्हेरीसारखी विषारी पानं उकळू नयेत आणि रंगाचं भांडं परत स्वयंपाकाला वापरू नये, ह्या दोन ओळी तरी पाहिजे होत्या ना, लहान मुलांसोबत करा असं लिहिलंय म्हणून जास्त वाटतं.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती म्हणून एवढं छापा. आणि वाचकांना सांगा की साडी-ओढणीवर करण्याआधी एक पट्टी छापून अर्धी पुठ्ठ्याने झाकून काही आठवडे खिडकीत उन्हात ठेवा, दोन्ही भागात फरक दिसला तर ते फूल कापडासाठी नाही.

तुमची एक नियमित वाचक