उंदरांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय निल्या,

उंदराला केमिकल पाजून कॅन्सर व्हायची वाट बघत बसता का, असं विचारलंयस, भारीच रे! ती टेस्ट वेगळी, ती दोन वर्षं चालते. आम्ही लॅबमध्ये फक्त केमिकलमुळे जीन बिघडला का एवढंच बघतो, आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही, उंदीर मस्त खातपीत असतो.

पूर्वी वरूनच बघायचे म्हणा. अमेरिकेत ओक रिजच्या लॅबमध्ये रसेल या शास्त्रज्ञ नवराबायकोंनी एक्स-रे नि केमिकल दिलेल्या उंदरांची लाखोंनी पिल्लं तपासली, केसांचा रंग बदललाय का, कान आखूड आहेत का. 1979 मध्ये तिथेच कळलं की ईएनयू हे केमिकल एक्स-रेपेक्षाही जबर म्युटेशन करतं, म्हणजे जीन बिघडवतं. आम्ही पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे टेस्ट नीट चालतेय ना हे बघायला, अजून तेच वापरतो, ग्लोव्हजवर ग्लोव्हज चढवून.

आता म्युटामाऊस असतो. 1989 ला नेदरलँड्सवाल्यांनी केलेली करामत, उंदराच्या प्रत्येक पेशीत व्हायरसमध्ये गुंडाळलेला लॅकझेड नावाचा बॅक्टेरियाचा जीन बसवलेला, उंदराला त्याचा उपयोग शून्य. डोस संपले की लिव्हर काढायचं, डीएनए काढायचा (हे काम नाजूक, अंड्याच्या पांढऱ्यासारखा तो चिकट गोळा, पिपेटच्या टिपचं तोंड कापून हळूच ओढायचा, जोरात ओढलास की तुकडे आणि सगळं मुसळ केरात), मग त्यातला व्हायरस बाहेर काढून ई. कोलाय या बॅक्टेरियावर सोडायचा. प्लेटमध्ये पी-गॅल नावाचं केमिकल असतं. जीन धड असेल तर त्या पी-गॅलमुळे बॅक्टेरिया आतल्या आत मरतो नि व्हायरसही वाढत नाही, जीन बिघडलेला असेल तरच व्हायरस वाढतो नि बॅक्टेरियाच्या थरात ठिपका उमटतो. साध्या उंदरातही लाखात थोडे उमटतातच, त्यापेक्षा किती जास्त ते मोजायचं.

डोस 28 दिवस आणि पुढे नुसतं थांबायचं, निदान 3 दिवस, लिव्हर किंवा शुक्रपेशी बघायच्या असतील तर तीनऐवजी 28. क्लायंट वैतागतात, डोस संपला ना मग थांबलाय कशाला? अरे पण डीएनएला धक्का लागणं वेगळं आणि तो पेशी विभागून कायमचा होणं वेगळं, त्यात लिव्हरच्या पेशी विभागतात जेमतेम.

बॅक्टेरियावर एम्स टेस्ट (केमिकलने बॅक्टेरियाचा जीन बिघडतो का बघायची टेस्ट) करून भागत नाही का हे तू पुढे विचारणारच. ती 1970च्या दशकापासून आहे, स्वस्त आहे, पण ती हो किंवा नाही सांगते, किती ते नाही. रॅनिटिडिन या ॲसिडिटीच्या गोळीत एनडीएमए हे कॅन्सरची भीती असलेलं केमिकल सापडलं आणि 2020 ला अमेरिकेत ते औषध बंद झालं, आठवतंय? ते एनडीएमए स्वतः काही करत नाही, लिव्हरच त्याला घातक बनवतं, आणि वर बिघडलेला डीएनए दुरुस्तही लिव्हरच करतं! मग गोळीत ते किती चालेल हे बॅक्टेरियाची प्लेट कशी सांगणार? म्हणून मी उंदरांच्या बाजूने भांडतो, म्हणजे त्यांच्या विरुद्धच म्हण. आवडतं असं नाही. एथिक्स कमिटी प्रत्येक उंदराचा हिशोब मागते ते बरंच आहे, फॉर्म भरताना शिव्या घालतो तरीही.

पुढच्या आठवड्यात प्लेट मोजायच्यात, डोळे जाणार. मुंबईला कधी येतोयस ते कळव, आणि वहिनींना हे पत्र जेवताना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
बंड्या