मोहोळसाहेब, टाइप रेटिंगच्या संस्थांनाही ऑडिट वर्ग द्या

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक आणि सहकार

साहेब, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बाग तीन एकर, त्यातला निम्मा माल बेदाण्याला जातो. विमानाशी आमच्या घराचा संबंध एवढाच की कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ होणार, हे कळायला लागल्यापासून ऐकतोय. अशा घरातली थोरली पोरगी पायलट झाली. दोनशे तास विमान उडवून तिनं कमर्शियल लायसन्स काढलं, आम्ही गावभर पेढे वाटले. पेढ्याचे बॉक्स संपायच्या आत ती म्हणाली, "पप्पा, आता टाइप रेटिंग."

मला वाटलं होतं, लायसन्स मिळालं म्हणजे झालं. पण ती शिकली चार माणसांच्या, एका इंजिनाच्या सेस्नावर, ज्याचं वजन जेमतेम टनभर. कंपनीचं एअरबस ए-३२० पंचाहत्तर टनांच्या वर. जेटच्या प्रत्येक प्रकाराचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं, त्याची परीक्षा होते आणि मग लायसन्सवर तशी नोंद पडते. हेच टाइप रेटिंग. एअरबसची नोंद असलेल्याला बोईंग ७३७ च्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. काही कंपन्या आधी नोकरी देतात आणि रेटिंग मागाहून स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतात, ते सगळ्यात बरं. पण भरती कधी निघेल याचा भरवसा नाही, म्हणून बरीच पोरं स्वतःच्या खर्चानं रेटिंग करून वाट बघत बसतात. आमचीही त्यातलीच.

म्हणजे पहिला प्रश्न, कुठल्या विमानाचं रेटिंग करायचं? बागेत सोनाका जातीची द्राक्षं लावायची की थॉमसन, असाच हा प्रकार. एकदा लावली की पुढची काही वर्षं तीच सांभाळायची. इंडिगोनं २०२३ च्या जूनमध्ये एअरबसला एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० सांगितली, त्यात २५० एअरबस आणि २२० बोईंग. अकासा एअरकडं सगळी बोईंग ७३७. आम्ही घरात बसून हीच बेरीज केली आणि एअरबस धरलं. हे निदान पेपरात छापून येतं, त्यामुळं ठरवता आलं.

दुसरा प्रश्न संस्थेचा. तिथं मात्र आम्ही डोळे झाकून उडी मारली.

तीन ठिकाणची कोटेशनं आणली. रक्कम तिन्हीकडं पंधरा लाखांच्या आगंमागं, वर १८ टक्के जीएसटी. तिन्ही माहितीपत्रकांवर तेच निळं आकाश, तोच चार पट्ट्यांचा पांढरा शर्ट आणि 'डीजीसीए मान्यताप्राप्त' असा शिक्का. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी संचालनालय. मान्यता सगळ्यांनाच असते, नाहीतर कोर्स चालवताच येत नाही. तेव्हा त्या शिक्क्यावरून बरी कुठली आणि वाईट कुठली हे कळायचं कसं?

आम्ही विचारलं काय, तर हॉस्टेल आहे का, जेवणाची सोय कशी, फीचे हप्ते पडतील का. विचारायला हवं होतं ते पुढं कळलं. खरं शिक्षण फुल फ्लाइट सिम्युलेटरवर होतं. सहा पायांवर उभी असलेली, विमानासारखी हलणारी खोली, आत हुबेहूब कॉकपिट, सगळ्यात वरचा दर्जा लेव्हल डी. पाळी चार तासांची आणि एका पाळीला दोन विद्यार्थी. दोन तास एकानं उडवायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून चेकलिस्ट आणि रेडिओ सांभाळायचा, मग अदलाबदल. म्हणजे पत्रकात 'सिम्युलेटर ४० तास' लिहिलं असेल तर पोराच्या स्वतःच्या हातात विमान येतं वीस तास. काही जण हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या सिम्युलेटरचे तास एकत्र मिळवून आकडा फुगवतात. जोडीदार मिळाला नाही तर शेजारी कोण बसणार? पाळी रात्री दोनची की सकाळी दहाची? चाचणीत एकदा घसरलं तर पुढच्या पाळीचे पैसे वेगळे की त्याच फीत? खऱ्या विमानावरचं बेस ट्रेनिंग रकमेत धरलंय का, आणि धरलं असेल तर विमान कुणाचं, तारीख कधीची? एका कोटेशनमध्ये बेस ट्रेनिंगचा शब्दही नव्हता. दुसऱ्यात होता, पुढं बारीक अक्षरात 'विमान उपलब्धतेनुसार'.

आम्ही दिवाळीच्या पाडव्याला पैसे भरले. दोन आठवड्यांत बॅच लागेल असं फोनवर सांगितलं होतं. गुढीपाडवा आला तरी बॅच नाही. कधी सिम्युलेटर दुरुस्तीला, कधी कंपन्यांच्या पायलटांना आधी पाळ्या, कधी शिकवणारा रजेवर. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही, कारण इतरांशी बोलल्यावर कळलं की ही एका संस्थेची गोष्ट नाही. पैसे परत मागितले तर चौथ्या पानावरचं एक कलम दाखवलं: भरलेली रक्कम कुठल्याही कारणानं परत मिळणार नाही. सही माझीच होती. यात नुकसान फक्त व्याजाचं नाही. पोरीचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान चालवायची लायसन्सवरची नोंद, वर्षभरच चालतं. वाट बघता बघता तेही संपलं. ते परत करायचं म्हणजे पुन्हा दोन इंजिनांच्या विमानाचे तास आणि त्याची चाचणी.

त्या पाच महिन्यांत आमच्या बेदाणा शेडमध्ये एक गंमत चालायची. तिनं कॉकपिटचं मोठं पोस्टर आणून पत्र्याला चिकटवलं, समोर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या. दिवसभर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षं बुडवून जाळीवर पसरायची, आणि संध्याकाळी हात धुऊन ती डावीकडं, मी उजवीकडं. माझ्या इंग्रजीत मी चेकलिस्ट वाचायचो, ती पोस्टरवरच्या बटणांना बोट लावत उत्तरं द्यायची. एकदा म्हणाली, "पप्पा, मी व्ही-वन म्हटलं की इंजिनाच्या लिव्हरवरचा हात काढून घ्यायचा." व्ही-वन म्हणजे धावपट्टीवरचा तो वेग की जिथून पुढं थांबण्यात अर्थ नसतो, इंजिन बंद पडलं तरी उडायचंच. मी हात काढला. आमचं व्ही-वन दिवाळीच्या पाडव्याला आरटीजीएस केलं त्याच दिवशी होऊन गेलं होतं, फक्त तेव्हा ओरडून सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्याकडं विमान वाहतुकीबरोबर सहकार खातंही आहे, म्हणून तुम्हाला हे लवकर पटेल. आमच्या गावच्या विकास सोसायटीला दरवर्षी अहवाल छापून सभासदांच्या हातात द्यावा लागतो. त्यात ऑडिट वर्ग असतो, अ, ब, क, ड. चेअरमन कितीही गोड बोलू दे, वर्ग 'क' पडला की सभेत विचारणारे विचारतात. दहा हजारांचं पीककर्ज देणाऱ्या सोसायटीला जो नियम आहे, तो पंधरा लाख घेणाऱ्या संस्थेला नसावा?

डीजीसीएनं २०२५ च्या ऑक्टोबरपासून फ्लाइंग स्कूलची वर्गवारी सुरू केली, वर्षातून दोनदा. पहिल्या यादीत ३५ शाळा होत्या. वरच्या वर्गांत एकही बसली नाही. १३ 'ब' मध्ये, २२ 'क' मध्ये. अशी यादी जाहीर करायला धाडस लागतं, त्याबद्दल खरोखर अभिनंदन. पण ती सेस्ना शिकवणाऱ्या शाळांची यादी. टाइप रेटिंग देणाऱ्या संस्था तिच्यात नाहीत. त्यांनाही त्याच यादीत आणा, एवढंच मागणं आहे.

आणि नुसत्या अक्षरावर थांबू नका. प्रत्येक संस्थेला एक पान भरून जाहीर करायला लावा: गेल्या वर्षी किती विद्यार्थी आले, पैसे भरल्यापासून लायसन्सवर नोंद पडेपर्यंत सरासरी किती दिवस लागले, पहिल्याच चाचणीत किती पास झाले, प्रत्येकाच्या हाताला हलणाऱ्या सिम्युलेटरचे किती तास आले. फी टप्प्याटप्प्यानं घ्यावी. ग्राउंड क्लास झाला की एक हप्ता, सिम्युलेटरची तारीख पक्की झाली की पुढचा. ठरलेल्या दिवसांत बॅच नाही लागली तर पैसे परत. आम्ही सौद्यात बेदाण्याचा पंधरा किलोचा बॉक्स व्यापाऱ्यासमोर उघडून ओततो, तो हातात घेऊन दाबून बघतो, मग बोली लागते. फसवायचं म्हटलं तरी जमत नाही.

जीएसटीचंही बघा. फ्लाइंग स्कूलच्या मान्य कोर्सवर हा कर नाही, असं जीएसटी परिषदेनं २०२४ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलं. मग टाइप रेटिंगच्या कोटेशनवर तो कसा? पंधरा लाखांवर दोन लाख सत्तर हजार होतात. तो विषय तुमच्या खात्याचा नाही हे मला माहीत आहे, पण अर्थमंत्र्यांकडं तुमचं पत्र गेलं तर ते वाचलं जाईल, माझं नाही.

येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३० हजार पायलट लागतील असं तुमचं मंत्रालय सांगतं. त्यातले थोडे तरी आमच्या बाजूचे असतील. कऱ्हाडच्या धावपट्टीवर शिकाऊ विमान घिरट्या घालताना दिसलं की हायवेवरची पोरं गाडी थांबवून बघतात.

आमच्या पोरीचं रेटिंग अखेर झालं. पाळ्या बहुतेक रात्रीच्याच मिळाल्या. आता भरतीची वाट बघणं चालू आहे. गेल्या आठवड्यात कवठेमहांकाळहून एक गृहस्थ आले, त्यांचा मुलगा नुकताच लायसन्स घेऊन परतलाय. पिशवीतून चार माहितीपत्रकं काढून त्यांनी माझ्यासमोर पसरली आणि विचारलं, "दादा, यातलं कुठलं?" मला सांगता आलं नाही. विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेली माझी वही त्यांना दिली. तुमच्या कार्यालयाला उपयोग होणार असेल तर त्यांच्याकडून परत आली की झेरॉक्स पाठवतो.

कळावे,
आपला,
तासगाव तालुक्यातला एक बेदाणा उत्पादक, जि. सांगली