मथळ्यात विंची कुठे होती?

महोदय,

टेनिसची ग्रँड स्लॅम स्पर्धा उपांत्य फेरीत आली की संभाव्य विजेत्यांचीच चर्चा रंगते. त्यातला कुणी गारद झाला, तर मथळ्यातही त्याचंच नाव येतं आणि 'आज त्याचा दिवस नव्हता' म्हणून आपण मोकळे होतो. हे मला फार खटकतं. २०१५च्या अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत इटलीच्या बिगरमानांकित रॉबर्टा विंचीने तेव्हाच्या अव्वल मानांकित सेरेना विल्यम्सला २-६, ६-४, ६-४ असं नमवलं. बॅकहँड स्लाइसने, म्हणजे चेंडू कापल्यासारखा मारून, तो खाली ठेवत तिने सेरेनाला सारखं वाकायला लावलं. तिसऱ्या सेटमधली एक लांबलेली रॅली जिंकल्यावर तर तिने प्रेक्षकांना खुणावलं, थोड्या टाळ्या माझ्यासाठीही! आमच्या मित्रमंडळींत मात्र ती अजूनही 'सेरेना हरली ती मॅच'च आहे. असे निकाल छापताना जिंकणाऱ्याचं नाव आधी घ्या, ही कळकळीची विनंती.

– एक टेनिसप्रेमी वाचक