बाबांच्या नव्या कामाबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मामाच्या मकरपुऱ्यातल्या शेडमध्ये, जिथे पोलादी प्लेटा कापून-जोडून सामान बनवतात (फॅब्रिकेशन), तुम्ही हिशेब बघायला जाणार, असं आई म्हणाली. जरूर जा. फक्त टेबल कुठे मांडलंय ते आधी बघा. क्रेनच्या वाटेत नको आणि प्लेटांजवळ तर मुळीच नको.

हेल्मेट मामा देईल. ते वरून पडणाऱ्या नटबोल्टसाठी, फार तर पान्यासाठी. १० मिलिमीटर जाडीची, सव्वा बाय अडीच मीटरची पोलादी प्लेट २४५ किलो भरते, तिच्यापुढे हेल्मेट काय करणार? जागा वाचावी म्हणून फॅब्रिकेशनवाले प्लेटा भिंतीला उभ्या टेकवतात आणि घात तिथेच होतो. मधली एक काढायची म्हणून पुढच्या दोन-तीन पुढे ओढून कुणीतरी अंगावर धरून ठेवतो. प्लेट उभ्या रेषेच्या पुढे कलली की ते वजन कुणालाच पेलत नाही, आणि त्याच्या पाठीशी बहुधा मशीन असतं, म्हणजे सुटायला जागा नाही. प्लेटा लाकडी गुटक्यांवर आडव्या ठेवाव्यात, नाहीतर खुंटांच्या रॅकमध्ये वेगवेगळ्या खणांत. कलंडणारी प्लेट धरायला जायचं नाही. वाकली तर वाकू दे.

क्रेनने माल उचलतानाचा हिशेब तुम्हाला आवडेल. एक टनाचा माल हुकाला लटकवणाऱ्या दोन बेल्टांवर, दोन्ही बेल्ट आडव्याशी ६० अंशात, तर प्रत्येकावर सुमारे ५७७ किलो ताण. आखूड बेल्ट लावून कोन ३० अंशांवर आला की प्रत्येकावर पूर्ण १००० किलो. माल तोच! त्यात प्लेटची धार बेल्ट कापते, म्हणून कोपऱ्याला जाड रबर हवं. हुकाची लॅच, म्हणजे बेल्ट निसटू न देणारी तोंडावरची पट्टी, तुटली असेल तर तार गुंडाळून चालवू नये. माल आधी वीतभरच उचलून थांबावं. तिरका झाला तर खाली ठेवून पुन्हा बांधावा. लोंबता माल हाताने नव्हे, लांब दोरीने वळवायचा.

आई, बाबांना चपलेवर जाऊ देऊ नकोस. आयएस १५२९८ भाग २ हे भारतीय मानक छापलेल्या सेफ्टी शूजची पुढची टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे २० किलोचा तुकडा मीटरभरावरून. पण तेवढाच मार १०० किलोचा तुकडा २० सेंटिमीटरवरूनच देतो, आणि टोपी झाकते ती फक्त बोटं, पंजा नाही.

बुटांचा नंबर कळवा. माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या. सकाळी घेतलेलं माप संध्याकाळपर्यंत बोटांना टोचतं आणि मग माणूस बूट टेबलाखाली काढून ठेवतो.

तुमची,
लेक