काळा रंग मारला म्हणजे चेसिस वाचली असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाहनांच्या पानावर नव्या गाड्यांचं सगळं येतं, स्क्रीन केवढी, ॲव्हरेज किती, पण जुनी गाडी घरीच दुरुस्त करणारे वाचकही भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, गंजाबद्दल एक ओळही नसते, म्हणून हे पत्र.

लोक काय करतात, गाडीखाली शिरतात, वायर ब्रश फिरवतात आणि वरून काळा रंग नाहीतर डांबरी अंडरकोटिंग मारून मोकळे होतात. दिसायला एकदम नवीन. पण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो फुगतो आणि रंगाला खालून उचलतो, मग पोपडा सुटतो, पाणी आत शिरतं आणि डांबराच्या थराखाली ते सुकतही नाही. अंडरकोटिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ते शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

खरी गोम तर आत आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या चेसिसचे लांब बीम बंद पेटीसारखे असतात, आतून पोकळ. त्यात चिखल जातो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि बीम आतून बाहेर सडत येतो, बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गंजाने खाल्लेला असतो. म्हणून आधी हातोडीने ठोकत जा, चांगला पत्रा खणकन वाजतो, सडलेला भद्द. शंका आली तिथे जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा, आत घुसला तर तिथे रंगाचा विषयच संपला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि दोन पत्रे एकावर एक आलेत तिथे तर नक्कीच बघा. आणि हे सगळं गाडी नुसत्या जॅकवर ठेवून करू नका हो, विटांवर तर अजिबातच नको, सपाट कडक जमिनीवर नीट स्टँड लावा.

भोक सापडलं की लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारणारे पाहिले की जीव तुटतो. गाडीचा सगळा भार चेसिसवर असतो, लांबी काय धरणार? सडलेला भाग स्वच्छ चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा आणि तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा. कापायच्या आधी आधार द्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं लिहून ठेवा, नाहीतर चेसिस वाकते आणि गाडी सरळ चालत नाही. बॅटरी काढा, वेल्डिंग मशीनच्या अर्थच्या वायरचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, आणि रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. स्टिअरिंग बॉक्स, सस्पेन्शन, सीटबेल्ट जिथे बसतात तिथलं वेल्डिंग मात्र घरी शिकत शिकत करायचं नाही, अनुभवी वेल्डरच हवा. ट्रकवाल्यांनी तर मॅन्युअल बघितल्याशिवाय हातच लावू नये, काही चेसिसचं स्टील हीट ट्रीट, म्हणजे तापवून मजबूत, केलेलं असतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद जाते.

रंगाच्या आधी तेल ग्रीस धुवून काढा आणि मगच ग्राइंडर लावा, उलट केलं तर ग्रीस सगळीकडे फासलं जातं. डोळ्यांवर गॉगल पाहिजेच, ब्रशच्या तारा उडतात. खपल्या निघाल्यावर खड्ड्यांत जो घट्ट गंज उरतो त्याला फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज जागीच निष्क्रिय करणारं रसायन, चालतं, डब्यावर लिहिलंय तसं वापरून पूर्ण सुकवायचं, मग इपॉक्सी प्रायमर. झिंक प्रायमर मारायचा असेल तर तो उघड्या लोखंडालाच लागला पाहिजे, कन्व्हर्टरवर मारून उपयोग नाही. कडा आणि वेल्डिंगच्या शिवणीवर आधी ब्रशने वेगळा हात द्या, रंग कडांवरून मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

हे सगळं झालं, रंग सुकला, की मग लांब नळीने बीमच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारायचं आणि पाणी निघायची भोकं परत मोकळी करायची. बहुतेक जण नेमकं हेच सोडतात. क्रम बदलू नका, वॅक्स आधी मारून नंतर वेल्डिंग केलं तर आत पेट घेईल. आणि वॅक्सऐवजी जळकं ऑइल फासायचा जो सल्ला मिळतो तो ऐकू नका, त्याने रबरी बुश खराब होतात, ते जमिनीवर गळत राहतं आणि आपल्या कातडीलाही घातक आहे.

सगळ्यात राग येतो तो विकायच्या आधी सडलेल्या चेसिसवर ताजा काळा रंग मारणाऱ्यांचा. पुढे त्या गाडीत कोणाची तरी लेकरंबाळं बसणार असतात. घेणाऱ्याने सरळ सांगावं, मी खालून हातोडीने ठोकून बघणार, मालक नाही म्हणाला तर ती गाडी सोडून द्यावी.

तुम्ही या पानावर एखाद्या जुन्या जाणत्या वेल्डरला बोलतं कराल का, आत सडलेल्या बीमचे कापून दाखवलेले फोटो सुद्धा छापा.

आपला,
एक नियमित वाचक