चाकांचे पैसे भरण्याआधी हे वाच

प्रिय अव्या,

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, आणि चौथ्यात हा हिवाळ्यासाठी घ्यायच्या चाकांचा फोटो. आता गप्प बसवत नाही. रागाव हवं तेवढं, पण आधी हे पुरतं वाच. माझा गुडघा बरा आहे, गोळ्या बंद झाल्या. एवढंच.

तू लिहितोस, "बोल्टांचं माप जुळतंय, अठरा इंची आहेत, शुक्रवारी पैसे भरतो." अरे, बोल्टांचं माप जुळलं म्हणजे चाक हबवर, म्हणजे ते जिथे बोल्टांनी आवळतात त्या भागावर, चढेल. ते फिरेल की नाही, ते ब्रेक ठरवतो. गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या रिमवर पुढे ८ जे, ईटी ३५ आहे, म्हणजे आठ इंच रुंद, आणि हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून ३५ मिलिमीटर बाहेर. फोटोतल्या रिमवर ७.५ जे, ईटी ४०. गणित करून बघ. रिमची अर्धी रुंदी अधिक ईटी म्हणजे आतली बाजू: आधी १३६.६ मिलिमीटर, आता १३५.३. सस्पेन्शनला धोका नाही. अर्धी रुंदी वजा ईटी म्हणजे बाहेरची बाजू: आधी ६६.६, आता ५५.३. चाक फेंडरच्या आत जातं म्हणून तू खूश आहेस, पण हबपासून रिमच्या बाहेरच्या कडेपर्यंतची जागा ११ मिलिमीटरनी आखडली. तुझे चार पिस्टनचे कॅलिपर, ब्रेकची चकती दाबणारे चिमटे, नेमके तिथेच, आऱ्यांच्या पाठीमागे बसतात. आरे बाहेर फुगायला जागाच उरली नाही तर ते कॅलिपरला घासणार. माझा सगळा जीव या ११ मिलिमीटरमध्ये अडकलाय.

तेव्हा विकणाऱ्याकडून त्या रिमचा ब्रेक टेम्प्लेट माग, म्हणजे रिमच्या आत ब्रेकला किती जागा आहे त्याचा खऱ्या मापाचा नकाशा. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून काप आणि कॅलिपरवर धरून बघ. तो नाहीच म्हणाला, तर टायर न चढवलेली एक रिम दोन दिवसांसाठी माग. कॅलिपरवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या चिकटव, रिम सगळ्या बोल्टांनी बसव, हातानं एक फेरा फिरव आणि उतरवून चेपलेल्या मातीची जाडी मोज. ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती रिम परत. मागचे कॅलिपर सरकते आहेत. पॅड नवे असताना ते सर्वांत बाहेर असतात, म्हणून झिजलेल्या पॅडवर घेतलेलं माप फसवं. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनंही रिमच्या आतून कॅलिपरसमोर आली तर उखडून निघतात.

आता टायर. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा आपला जुना वाद. कोरड्या, उबदार रस्त्यावर तुझं बरोबर आहे, मन्यासमोर मी ते कबूलही केलं होतं. पण बर्फाच्या चिखलात रुंद टायर वर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खाली उतरतो. तुझं पुढचं माप २२५/४० आर १९ (२२५ मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या ४० टक्के, रिम १९ इंची), मागचं २५५/३५ आर १९. दोन्ही चाकांचा व्यास ६६२ मिलिमीटरच्या आसपास. चारही चाकांना २२५/४५ आर १८ घातलंस तर व्यास साधारण ६६० येतो, अर्ध्या टक्क्याच्या आत. स्पीडोमीटर, एबीएस, कुणालाच फरक कळत नाही. टायरची भिंत ९० वरून १०१ मिलिमीटर होते, बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते. आणि चारही सारखे असले की पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर घेतलेस तर मात्र ही अदलाबदल त्याच बाजूला, डावे-उजवे करता येणार नाहीत. वजन पेलण्याचा आकडा, लोड इंडेक्स, ९५ आणि जादा भाराचा एक्सएल घे.

"मागची दोनच बदलतो, ओढ तर मागूनच आहे ना" हे वाक्य तुझ्या पत्रात होतं. ते वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. बदलायचे तर चारही. पुढचे उन्हाळी टायर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातात, मग वळणावर पुढचं टोक सरळ निघून जातं आणि ब्रेकही लागत नाही. तुझ्या त्या ट्रॅकच्या टायरांचं रबर तर -७ च्या खाली तडकू शकतं. ते चढवून गाडी जागची हलवूसुद्धा नकोस.

तुझा रस्ता रोज साफ होतो, मीठ पडतं, वेग राहतो. म्हणून वेगवान गाड्यांसाठीचे हिवाळी टायर घे: मिशेलिन पायलट अल्पिन ५, पिरेली विंटर सोत्तोझेरो ३ किंवा कॉन्टिनेंटल टीएस ८६० एस. नोकियनच्या हक्कापेलिट्टा आर ५ सारखे मऊ टायर गोठलेल्या रस्त्यावर अप्रतिम, पण मोकळ्या ओल्या रस्त्यावर तुझ्या गाडीखाली हलके डगमगतात. नुसतं चिखल-बर्फाचं एम अधिक एस पाहून घेऊ नकोस, डोंगर आणि हिमकण असलेलं चिन्ह बघ. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून त्याशिवाय हिवाळी टायर मानतच नाहीत. भिंतीवरच्या तारखेत ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा.

रिमचा रंग साधा, पूर्ण रंगवलेला घे. फोटोतल्या रिमची कड हिऱ्यानं कापलेली चकचकीत आहे. दगड लागून वरचा थर फुटला की मीठ आत शिरतं आणि पांढऱ्या रेघा पसरतात. आणि बोल्टचं बूड: तुझे गोल बसणीचे आहेत. शंकूच्या बसणीच्या रिमला ते लावलेस तर घट्ट वाटतील आणि सैल होतील. पाना टॉर्कचा, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा, वापर, आकडा गाडीच्या पुस्तकातला, बोल्टच्या आट्यांना तेल नाही, १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपास. हबचा गंज आधी तारेच्या ब्रशनं घास.

हवा बाहेरच्या थंडीत, गाडी न चालवता भर. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरून -१० मध्ये गेलास की जवळपास ५ पीएसआय उतरते. आणि एखाद्या सकाळी स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंगला धावू नकोस, आधी रिमच्या आत गोठलेला बर्फ काढून बघ.

नेहाचा निकाल कळला, तिला माझ्याकडून शाबासकी. नवी नोकरी लागली म्हणतोस, सविस्तर लिही, इथे जागा संपली. काकूंना नमस्कार. बापूंची गाडी अजून दारात उभी आहे, तू आलास की उघडू.

शुक्रवारच्या आत कॅलिपरच्या मातीची जाडी मिलिमीटरमध्ये कळव. तोवर एकही पैसा भरू नकोस.

तुझा,
दिन्या